दया कीं देणें?

मराठी भाषेंत ‘देणें’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण आपखुशीनें दुसऱ्याच्या हातावर जें ठेवितों तेंही देणें, आणि वाण्याच्या वहींत आपल्या नांवावर जें लिहिलेलें असतें तेंही देणेंच. पहिलें दिलें नाहीं तर मनुष्य फार तर कंजूष ठरतो. दुसरें दिलें नाहीं तर तो बुडव्या ठरतो. शब्द एक असला तरी दोहोंमधील अंतर मोठें आहे, आणि आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों त्याचें मर्म ह्या अंतरांतच आहे. प्रश्न असा कीं, जें मूल इतर मुलांप्रमाणें सहज शिकूं शकत नाहीं, त्याच्या शिक्षणास जी अधिक मेहनत, जो अधिक वेळ व जो अधिक पैसा लागतो, तो खर्चणें ही आपली दया आहे, कीं तें आपल्यावरील ऋण आहे?

अशीं मुलें कोणतीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कोणास दिसत नाहीं, कोणास ऐकूं येत नाहीं, कोणास चालतां येत नाहीं. हीं मुलें सर्वांस ओळखूं येतात. परंतु दुसरीं कित्येक अशीं असतात कीं, त्यांचें न्यून डोळ्यांस दिसत नाहीं. चौथीच्या वर्गांतील एखादा मुलगा बाजारांत हिशेब चोख करतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, गोठ्यांतील प्रत्येक जनावराचा स्वभाव जाणतो. परंतु पुस्तक पुढें ठेवलें कीं ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ ह्यांचा त्यास घोटाळा होतो, ओळ सुटते, जोडाक्षरापाशीं जीभ अडते, आणि १५ चे तो ५१ लिहितो. कायद्याच्या भाषेंत ह्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बुद्धीची वाढच सावकाश होते. तिसरें मूल स्वमग्न असतें, व चार माणसांच्या गलबल्यांत त्याचा जीव घाबरा होतो. कारणें निराळीं, परंतु गांवाजवळ सर्वांसाठीं शब्द एकच असतो: ‘ढ’. तें मूल मागच्या बाकावर जातें, बोलणीं खातें, आणि एके दिवशीं दप्तर खुंटीस टांगून शेरडांमागें जाऊं लागतें. त्याबद्दल कोणास फारशी हळहळही वाटत नाहीं.

आपल्या देशांत अशा मुलांच्या शिक्षणाचा आरंभ दयेनें झाला, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. १८८७ सालीं मिस अ‍ॅनी शार्प ह्या मिशनरी बाईंनीं अमृतसर येथें अंधांसाठीं शाळा काढिली. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं मुंबईंत अंध मुलांची शाळा सुरू केली. त्या काळीं असें करण्यास कोणताही कायदा त्यांस भाग पाडीत नव्हता. ज्यांस जग ओझें समजत होतें त्यांस शिकवितां येतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें. आणि तसें कोणी दाखविलें नसतें तर पुढें कायदाही झाला नसता. दयेचा हा उपकार लहान नव्हे.

तथापि दयेस एक मर्यादा आहे. दया करणारा आपला याचक आपणच निवडतो. किती द्यावें व केव्हां थांबावें हेंही तोच ठरवितो. जेथें दयाळू मनुष्य आहे तेथील मुलाचें कल्याण होतें. चार कोसांवरच्या वाडींत तसा कोणी नसला तर तेथील मूल तसेंच राहतें, आणि त्याविषयीं कोणास जाब विचारतां येत नाहीं. शिवाय घेणाऱ्यास सदा नम्र राहावें लागतें. आईबाप शाळेच्या दारांत हात जोडून उभे राहतात, आणि ‘तुमच्या पोरास बसूं देतों हेंच पुष्कळ’ हें उत्तर ऐकून परत फिरतात. जें दयेनें मिळालें त्याविषयीं तक्रार कोण व कोणत्या तोंडानें करणार?

म्हणून ही गोष्ट खुशीच्या वहींतून ऋणाच्या वहींत जाणें अवश्य होतें, आणि तसें होण्यास बराच काळ लागला. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदांत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांच्या आंत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्यानें प्रयत्न करावा, असें म्हटलें होतें. दहा वर्षें १९६० सालीं भरलीं. काम मात्र पुरें झालें नाहीं. १९९५ सालीं अपंगांविषयींचा कायदा झाला. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें २१-क हा अनुच्छेद आला, व सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यास अनुसरून २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला. पुढें २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. १९९५ च्या कायद्यांत सात प्रकारचीं अपंगत्वें होतीं. ह्या नव्या कायद्यांत एकवीस आहेत, आणि त्यांत वाचन-लेखनाची ती न दिसणारी अडचण व स्वमग्नता ह्यांचाही समावेश आहे.

ह्या कायद्यांनीं दिलें काय, तें थोडक्यांत सांगतों. सरकारी व सरकारमान्य शाळांनीं अशा मुलास भेदभाव न करितां प्रवेश द्यावा. इमारत त्यास वापरतां येईल अशी असावी. त्याच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करावी. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकविण्याची रीत बदलावी. आणि प्रत्येक मुलाची प्रगति होते कीं नाहीं तें पाहत जावें. परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट अशा तरतुदी सरकारनें कराव्या. ज्याचें दिव्यांगत्व शेंकडा चाळीस किंवा अधिक ठरलें आहे, त्यास अठरा वर्षांपर्यंत पुस्तकें व शिकण्याचीं साधनें मोफत मिळावीं. अशाच मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. ह्यांत ‘कृपा’ हा शब्द कोठेंही नाहीं.

एका बाबतींत मात्र हें देणें इतर देण्यांहून निराळें आहे. सावकार आपलें येणें विसरत नाहीं. हप्ता चुकला कीं तो दारांत उभा राहतो. येथें ज्याचें येणें आहे तें मूल आठ-नऊ वर्षांचें असतें, आणि आपलें कांहीं येणें आहे हेंच त्यास ठाऊक नसतें. उलट, आपणच अपराधी आहों, आईबापांस व गुरुजींस आपल्यामुळेंच त्रास होतो, असें त्यास वाटतें. ऋणको ऋण विसरतो आणि धनको स्वतःस दोषी समजतो, अशी ही विपरीत स्थिति आहे. धनको मागत नाहीं म्हणून कोणी देणें टाळूं लागला, तर त्यास आपण काय म्हणूं? अजाण वारसाची जमीन बळकावणाऱ्यास गांव चांगलें म्हणत नाहीं. अजाण मुलाचें शिक्षण बुडविणारा त्याहून चांगला कसा? आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्या देण्याची मागणी करण्यास धनको असमर्थ आहे, तें देणें इतर सर्व देण्यांहून अधिक पवित्र मानिलें पाहिजे. कारण त्याची आठवण ठेवण्याचें कामही देणाऱ्यावरच येऊन पडतें.

ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. ते घेणारीं माणसें दुष्ट नसतात, म्हणून आक्षेपांचा विचार नीट केला पाहिजे.

पहिला आक्षेप समतेचा आहे. परीक्षा सर्वांस एकच असतां एकास अधिक वेळ देणें हा इतरांवर अन्याय नव्हे काय? ह्याचें उत्तर कोणताही शेतकरी देईल. पाटाचें पाणी सर्व वाफ्यांस घड्याळ लावून सारखाच वेळ सोडलें, तर उंचवट्यावरील वाफा कोरडाच राहतो. दारें धरणारा मनुष्य तेथें पाणी अधिक वेळ ठेवितो, आणि त्यामुळें खालच्या वाफ्यावर अन्याय झाला असें कोणी म्हणत नाहीं. कारण पीक सर्व वाफ्यांत यावें हाच पाणी देण्याचा हेतु असतो. इतिहासाची परीक्षा इतिहास समजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आहे; हात किती भराभर चालतो हें पाहण्यासाठीं नव्हे. हाताची अडचण दूर केल्यानें समजुतीचें माप खोटें होत नाहीं, उलट खरें होतें. मात्र ह्या तत्त्वास दुसरी बाजूही आहे. शिकविण्याच्या ऐवजीं सवलत देणें हा न्याय नव्हे. २००९ च्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासही मागें ठेवण्याची बंदी केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवींत मागें ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. ह्यांतील कोणता नियम बरा ह्याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु कांहींही न शिकवितां मुलास वर ढकलणें आणि कांहींही न शिकवितां त्यास खालीं ठेवणें, ह्या दोहोंतही देणें बुडतेंच.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. साठपर्यंत मुलें असलेल्या प्राथमिक शाळेस कायदा दोनच शिक्षक देतो. दोन शिक्षक व पांच इयत्ता, त्यांत कागदांचें काम. अशा स्थितींत एका मुलास निराळा वेळ कोठून आणावा? ज्यास जें करणें शक्य नाहीं तें त्याचें कर्तव्य होऊं शकत नाहीं, हें तत्त्व आम्हांसही मान्य आहे. परंतु एकाच्या हातून देणें फिटत नाहीं म्हणजे तें देणें नाहींसें होतें असें नाहीं. तें त्याच्या मागें जो उभा आहे त्याच्याकडे जातें. गुरुजींस जें शक्य नाहीं तें करणारा मनुष्य नेमणें हें सरकारचें कर्तव्य आहे. २०२१ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें, प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागें एक व त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागें एक विशेष शिक्षक असें प्रमाण घालून दिलें, तें ह्याच विचारानें. आणि विशेष शिक्षक येईपर्यंत वर्गांतील शिक्षकाकडे कांहींच उरत नाहीं असेंही नाहीं. पाहणें त्याच्या हातीं आहे, आईबापांस सांगणें त्याच्या हातीं आहे, मुलास पुढच्या बाकावर बसविणें व चार पोरांदेखत त्याचा पाणउतारा न करणें त्याच्या हातीं आहे. मारणें व मनास यातना होतील असें वागणें तर कायद्यानेंच मना केलें आहे. न जमणें निराळें व न पाहणें निराळें. पहिल्याबद्दल कोणी शिक्षकास दोष देऊं नये. दुसऱ्याबद्दल तो स्वतःसच विचारील तर बरें.

तिसरा आक्षेप घरांतून येतो, आणि तो बहुधा दबक्या आवाजांत येतो. ‘मुलास दिव्यांगाचा दाखला काढला तर त्याच्या नांवाला तें कायमचें चिकटेल, धाकट्या बहिणीच्या सोयरिकीस अडचण येईल, त्यापेक्षां आमचें मूल थोडें मंद आहे एवढेंच राहूं द्या.’ ह्या भीतीस हंसूं नये. गांवाची जीभ कशी चालते हें आईबाप आपल्यापेक्षां अधिक जाणतात. परंतु आम्ही त्यांस एवढेंच विचारतों: दाखला न काढल्यानें मुलास नांव मिळत नाहीं असें आहे काय? ‘ढ’ हें नांव त्यास मिळालेलेंच आहे. एका नांवामागें मदत येते, दुसऱ्या नांवामागें फक्त हंसें येतें. शिवाय प्रत्येक मदतीस दाखला लागतोच असें नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत आहे. २००९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमांत प्रत्येक मुलाची शिकण्याची शक्ति अजमावून, जरूर तेथें त्यास अधिक शिकवणें, हें शिक्षकाचें कर्तव्य सांगितलें आहे. तेथें ‘प्रत्येक मूल’ असे शब्द आहेत. दाखला असलेलें मूल असे नाहींत. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांच्या पूर्वीं देऊं नये, असें २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ठरविलें होतें. म्हणून काय पहिली-दुसरीच्या मुलानें अक्षरांवांचून दोन वर्षें थांबावें? कागद मागून येऊं द्या. शिकवणें आधीं चालू झालें पाहिजे.

ह्या बाबतींत दुसऱ्या देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. इंग्लंड व वेल्स येथें १९७० च्या कायद्यापूर्वीं कांहीं मुलांस शाळेंत शिकण्यास अयोग्य ठरवून शिक्षणखात्याच्या बाहेर ठेवीत असत. त्या कायद्यानें असें ठरविणेंच बंद केलें, आणि हीं मुलें शिक्षणखात्याच्या हवालीं आलीं. मुलें तींच होतीं. बदलला तो मोठ्या माणसांचा समज. पुढें वेल्समध्यें २०१८ सालीं जो कायदा झाला, त्यानें मुख्य प्रश्न असा ठेविला कीं, ह्या मुलास त्याच्या वयाच्या बहुतेक मुलांहून शिकण्यास बरीच अधिक अडचण पडते काय, आणि त्यासाठीं इतरांहून अधिक तजवीज लागते काय? तसें असल्यास त्याच्या नांवानें एक लेखी योजना करावी लागते, आणि शाळेनें आपला निर्णय बहुतेक प्रसंगीं ३५ शालेय दिवसांच्या आंत द्यावा लागतो. शेंकडा किती व्यंग आहे ह्यापेक्षां मुलास काय हवें आहे, हा प्रश्न तेथें पुढें आला आहे. आपल्या २४ व्या कलमाच्या पोटींही तोच विचार आहे. आपण तो कागदांतून वर्गांत आणिला पाहिजे.

आतां आईबापांच्या कर्तव्याविषयीं दोन शब्द. ज्या २००२ च्या दुरुस्तीनें मुलास हक्क दिला, तिनेंच ५१-क ह्या अनुच्छेदांत आपल्या मुलास शिक्षणाची संधि देणें हें पालकांचें मूलभूत कर्तव्य ठरविलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, तेव्हां मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. २००९ च्या कायद्यांत पालकांस दंड सांगितलेला नाहीं. गरीब मनुष्यास दंड करून मूल शाळेंत येत नाहीं, हें त्यामागील धोरण योग्यच आहे. परंतु दंड नाहीं म्हणून कर्तव्य नाहीं असें समजूं नये. ज्या कर्तव्यास दंड नाहीं त्याची राखण मनुष्याच्या मनासच करावी लागते. कित्येक घरीं असें दिसतें कीं, मुलगा मागें पडला तर त्यास कसेंही करून तालुक्याच्या दवाखान्यांत नेतात. मुलगी मागें पडली तर ‘तिला चूल तर करायची आहे’ म्हणून गप्प बसतात. कायद्यानें मुलगा व मुलगी असा फरक केलेला नाहीं. आपण तो करूं नये.

तसेंच, ज्या मुलाचें व्यंग फार तीव्र आहे किंवा अनेक प्रकारचें आहे, त्यास घरींच शिक्षण घेण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनें दिली आहे. ही निवड मुलाची व पालकांची आहे, शाळेची नाहीं. ‘घरीं शिकतें’ असें हजेरीपुस्तकांत लिहिलें, आणि घरीं वर्षभर कोणी फिरकलेंच नाहीं, तर तें शिक्षण नव्हे. असें होत असेल तर आईबापांनीं मुकाट्यानें सोसूं नये.

मग दयेचें काम संपलें काय? आमचें उत्तर, नाहीं. कायदा मुलास दारांतून आंत आणूं शकतो. मधल्या सुटींत त्यास खेळावयास हांक मारण्याची आज्ञा तो कोणासही करूं शकत नाहीं. दारापाशीं उतरण बांधण्यास तो भाग पाडील. परंतु मूल तिसऱ्या वेळीं तोच शब्द चुकलें असतां आवाज न चढवितां चौथ्या वेळीं सांगण्यास लागणारी शांति तो कोठून देणार? ऋण कमीत कमी किती फेडावें हें कायदा सांगतो. तें कोणत्या मनानें फेडावें हें प्रीति सांगते. दयेनें हक्काची जागा घेऊं नये, एवढेंच आम्ही म्हणतों. तिनें हक्काच्या पाठीशीं उभें राहावें. हक्क नसलेली दया लहरी असते, आणि दया नसलेला हक्क कचेरींत धूळ खात पडतो.

शेवटीं, करतां येण्याजोगें थोडेंसें सांगतों. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, व निम्म्या स्त्रिया. त्या सभेंत अशा मुलांची गोष्ट नांव घेऊन काढावी. मागणी तोंडी न करितां लेखी अर्जानें करावी, त्यावर तारीख घालावी व पोंच घ्यावी. दाद न लागल्यास कायद्यानें नेमलेल्या स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करितां येते. तिचा निकाल तीन महिन्यांच्या आंत लागावा असा नियम आहे, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. ज्या आईबापांस लिहितां येत नाहीं त्यांचा अर्ज लिहून देणें, दाखल्याच्या दिवशीं जिल्ह्याच्या इस्पितळांत त्यांच्याबरोबर जाणें, एवढें तर मंडळींतील कोणाही लिहित्या-वाचत्या मनुष्यास करतां येईल.

आपल्या गांवांत, आपल्या आळींत, असें एखादें मूल आज शाळेच्या वेळीं शेरडांमागें गेलें असेल. त्याचें आपल्याकडे येणें आहे, हें त्यास कोणी सांगितलेलें नाहीं. तें आपण सांगितलें पाहिजे. आणि सांगून झाल्यावर, फेडावयासही लागलें पाहिजे.